कॅसल जोडप्याचा सिनेमा कसा बघायचा आणि बघता बघता कॅसल वॉक कसा शिकायचा

फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या हॉलिवूडच्या नाचणाऱ्या जोडीचे सिनेमे आवडणारी बरीच मंडळी 'द स्टोरी ऑफ व्हर्नन अँड आयरीन कॅसल' लावतात आणि अर्ध्या तासात बंद करून टाकतात. त्यांना हवे असतात ते चकचकीत पांढरे सेट, लांबलचक टॅप (बुटांच्या ठोक्यांचा नाच) आणि नवीन गाणी, आणि इथे यातलं फारसं काहीच मिळत नाही, नाच आटोपशीर, गाणी जवळजवळ सगळी १९१० च्या आसपासची, आणि शेवटी हिरो जातो. (हे आधीच सांगितलं म्हणून रागावू नका, फ्रेडने साकारलेला व्हर्नन कॅसल हा खराखुरा नर्तक होता, तो १९१८ मध्ये गेला हा इतिहास आहे, आणि ते माहीत असताना सिनेमा बघितला तर जास्त भिडतो.) मला विचाराल तर फ्रेड-जिंजरने आरकेओ स्टुडिओसाठी केलेल्या नऊ सिनेमांपैकी हा नववा आणि शेवटचा सिनेमा सगळ्यात कामाचा आहे. बाकीच्या आठांमधला नाच आपण फक्त बघायचा, यातला मात्र आपल्याला करता येतो. कॅसल जोडप्याचं सगळं करिअरच त्यावर उभं होतं, की नाच हा स्टेजवरच्या लोकांपुरता नाही, घरातल्या नवरा-बायकोनेही करायचा असतो.

म्हणून हा सिनेमा दोनदा बघायचा, पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा पायांसाठी, आणि मग टीपॉय बाजूला सरकवून कॅसल वॉक, म्हणजे या जोडप्याचा जोडीने चालत करायचा नाच, शिकायला उभं राहायचं.

आधी जोडपं कोण होतं ते समजून घ्या, नाहीतर सिनेमात लोक त्यांच्यामागे एवढे वेडे का झालेत ते कळत नाही. व्हर्नन मूळचा इंग्लंडमधल्या नॉरिचचा, जन्म १८८७ चा, खरं आडनाव ब्लाइथ, शिक्षण इंजिनिअरिंगचं. न्यूयॉर्कला आला आणि ल्यू फील्ड्स नावाच्या मोठ्या विनोदी नटाच्या नाटकांमध्ये मार खाणाऱ्या उंच किडकिडीत माणसाची कामं करायला लागला. आयरीन फूट न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलची, डॉक्टरची मुलगी, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. १९११ मध्ये लग्न झालं, पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये कामाचे वांधे आणि खिसा रिकामा अशा अवस्थेत कॅफे द पारीमध्ये नाचले आणि एकदम नाव झालं. अमेरिकेत परत आल्यावर तर विचारूच नका, न्यूयॉर्कमध्ये कॅसल हाऊस नावाची डान्स स्कूल, १९१४ मध्ये नाच शिकवणारं पुस्तक, त्याच वर्षी अर्व्हिंग बर्लिनच्या संगीताचं ब्रॉडवेवरचं नाटक, आणि स्पेशल ट्रेनने गावोगावचा दौरा. आयरीनने केस कापले की देशभरच्या बायका केस कापायच्या, तिने कंबर आवळणारा कॉर्सेट सोडून सैल, हलके कपडे घातले की ते बाजारात यायचे. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं, व्हर्नन ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये पायलट झाला, फ्रान्सच्या आघाडीवरून सुखरूप परत आला, आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळ नवीन पायलटना शिकवताना, दुसऱ्या विमानाला धडकू नये म्हणून आपलं विमान एकदम वर खेचलं आणि कोसळला. वय तीस. एकत्र नाचण्याची त्यांची खरी प्रसिद्धीची वर्षं मोजायला गेलं तर जेमतेम तीन-चार आहेत, आणि तेवढ्यात त्यांनी अमेरिकेला जोडीने नाचायला शिकवलं.

आता टीव्हीचं सेटिंग. हसू नका, यात सगळा खेळ आहे. सिनेमा १९३९ चा आहे, म्हणजे पडदा जवळजवळ चौकोनी, आणि आपल्याकडचे बरेच टीव्ही चित्र आपोआप ताणून कडेपर्यंत भरतात. तसं झालं की अ‍ॅस्टेअर बुटका आणि रुंद दिसतो, त्याच्या पायांची लांबच लांब रेघ नाहीशी होते. त्याहून वाईट म्हणजे झूम मोड, त्यात वरचं डोकं आणि खालचे पाय दोन्ही कापले जातात. अ‍ॅस्टेअरचा आग्रहच असायचा की नाचताना कॅमेऱ्यात डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खा माणूस दिसला पाहिजे आणि मध्ये उगाच कट नकोत, आणि आपण झूम करून नेमके बूटच उडवतो! सेटिंगमध्ये जाऊन ४:३ किंवा ओरिजनल असं काही असेल ते निवडा, दोन्ही बाजूला काळे पट्टे आले पाहिजेत. रंगीत केलेली कॉपी मिळाली तर घेऊ नका, ब्लॅक अँड व्हाइटमध्येच कपड्यांचा काठ आणि पाय जमिनीपासून स्पष्ट वेगळे दिसतात.

पहिल्यांदा बघताना काही लिहून घेऊ नका, थांबवू नका, दीड तासाचा सिनेमा आहे, सलग बघा. फक्त एक प्रसंग लक्षात ठेवा. सुरुवातीच्या भागात हे दोघं ल्यू फील्ड्सला आपला नाच करून दाखवतात (ल्यू फील्ड्सचं काम स्वतः ल्यू फील्ड्सनेच केलंय, सत्तरी गाठलेली होती तेव्हा, आणि मला तो योग फार आवडतो), आणि नाच बघून झाल्यावर त्याचं म्हणणं असं की नवरा-बायकोचा नाच बघायला पैसे कोण देणार. पुढचा सगळा सिनेमा या प्रश्नाचं उत्तर आहे. एकदा हे धरलं की मग नाच साधे का ठेवलेत, दोघं एकमेकांकडे का बघतात आणि प्रेक्षकांकडे का बघत नाहीत, ते आपोआप उलगडत जातं. बाकीच्या सिनेमांमध्ये अ‍ॅस्टेअर-रॉजर्सच्या नाचात आधी भांडण, मग पाठलाग, मग मनधरणी असते. इथे लग्न लवकरच होतं आणि नाच लग्नानंतरचा आहे, पटवापटवी संपलेली आहे. त्यामुळे नाचात एक निवांतपणा आहे जो आधीच्या आठ सिनेमांत क्वचित सापडेल.

दुसऱ्यांदा बघताना रिमोट हातात घ्या. आता फक्त नाच बघायचे आणि तेसुद्धा कमरेखालचे. पहिल्यांदा 'वेटिंग फॉर द रॉबर्ट ई. ली' वरचा, म्हणजे तोच फील्ड्ससमोरचा नाच. इथे अजून ते 'कॅसल्स' झालेले नाहीत, त्यामुळे यात जरा अ‍ॅस्टेअरचा स्वतःचा मसाला आहे, वेग आहे, पण तरीही कुठेही मिरवणं नाही. त्यानंतर कॅफे द पारीमधला 'टू मच मस्टर्ड' वरचा नाच, हा आपला मुख्य अभ्यास, याच्याकडे परत येतो. पुढे अमेरिकेतल्या यशाची एक मोठी मालिका आहे, त्यात टँगो, पोल्का, मशीश असे त्या काळचे प्रकार भराभर येऊन जातात, आणि शेवटी दोघं अमेरिकेच्या एका अवाढव्य नकाशावरून नाचत जातात आणि ते जिथून जातात तिथे मागे छोटी छोटी जोडपी नाचायला लागतात. ट्रिक फोटोग्राफी आहे, पण १९१४ मध्ये खरंच काय झालं ते इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. जिंजरचा एकटीचा 'यामा यामा मॅन' आणि फ्रेडचा रेल्वे स्टेशनवरचा नाच हे दोन्ही मजेसाठी बघा, शिकण्यासाठी नाही.

अ‍ॅस्टेअरने यात काय सोडलंय तेही बघा. तो पोरवयात असताना बहीण अ‍ॅडेलबरोबर स्टेजवर नाचायचा आणि या भावंडांनी खऱ्या कॅसल जोडप्याला स्टेजवर बघितलेलं होतं, त्यांना मानायचे. म्हणजे तो इथे आपल्या लहानपणच्या आदर्शाची भूमिका करतोय. त्याला जे येतं त्याच्या पाव भागही तो दाखवत नाही. एवढ्या मोठ्या कलाकाराने दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकायचं, आपली सही मारायची नाही, हे मला त्याच्या कुठल्याही टॅपपेक्षा अवघड वाटतं. आयरीन कॅसल तेव्हा हयात होती आणि सिनेमाची सल्लागार होती, कपड्यांवर तिची बारीक नजर होती, जिंजरने हवे तेवढे आखूड केस ठेवले नाहीत म्हणून नाराजही होती. पण कपड्यांवरचा तिचा हट्ट आपल्या फायद्याचा ठरला, कारण स्कर्टच्या त्या घेरांमुळे पाऊल कसं पडतं ते नीट दिसतं.

सिनेमाने लपवलेल्या दोन गोष्टी मात्र माहीत असायलाच हव्यात. कॅसल जोडप्याच्या घरचा नोकर वॉल्टर खरा काळा होता, सिनेमात ते काम वॉल्टर ब्रेनन या गोऱ्या नटाला दिलं, आयरीनला ते पटलेलं नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जेम्स रीझ युरोप सिनेमात नाहीच. युरोप हा न्यूयॉर्कमधला काळा बँडलीडर, १९१२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये काळ्या संगीतकारांचा मोठा ताफा घेऊन वाजवलेला माणूस, आणि कॅसल जोडप्याचा संगीत दिग्दर्शक. त्याचा ताल नसता तर कॅसल वॉक तसा चाललाच नसता. फॉक्सट्रॉट हा जोडीचा नाच लोकप्रिय होण्यातही त्याचा हात, संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीचं 'मेम्फिस ब्लूज' तो संथ लयीत वाजवायचा त्यावरून ती कल्पना निघाली, आणि त्याचं श्रेय व्हर्ननने त्याला दिलेलं होतं. मग १९३९ च्या सिनेमात त्याला जागा का नाही, याचं उत्तर त्या काळच्या हॉलिवूडकडे बघितलं की मिळतं, पण म्हणून आपण त्याला विसरायचं कारण नाही. त्याच्या बँडची १९१३-१४ ची रेकॉर्डिंग्ज आहेत, 'टू मच मस्टर्ड' आणि 'कॅसल वॉक' दोन्ही, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर जुन्या रेकॉर्ड्सचा फुकट खजिना आहे तिथे शोधा. खरखर असेल, पण मागचे ड्रम ऐका, अंगात येतं नुसतं. सराव करायचा तो याच रेकॉर्डवर, सिनेमातल्या गुळगुळीत ऑर्केस्ट्रावर नाही.

आता प्रत्यक्ष कॅसल वॉक.

जागा लांबट पाहिजे. हॉल दहा बाय पंधरा असला तरी चालेल, पण कॉरिडॉरसारखी सलग जागा मिळाली तर उत्तम, सोसायटीचा हॉल रिकामा असेल तर फारच छान. गच्ची नको, खडबडीत फरशीवर पाय घासत नाही. घरच्या गुळगुळीत टाइल्सवर नुसते मोजे घालून अजिबात नाचू नका, घसरून पडाल. रबर सोलचे स्पोर्ट्स शूज पण नकोत, गिरकी घेताना पाय फरशीला चिकटतो आणि गुडघा पिळवटतो. लेदर सोलचे साधे बूट सगळ्यात चांगले. बायकांनी हिलचा विचार सोडून द्या, टाचा वर उचलूनच नाचायचंय तर हिल कशाला.

कपड्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. या नाचात बाई बहुतेक वेळ उलटी, म्हणजे पाठीमागे चालते. पाठीमागे चालताना साडीच्या पुढच्या निऱ्या आड येत नाहीत, आड येतो तो मागचा काठ. टाच नेमकी त्याच्यावर पडते आणि सगळं ओढलं जातं. म्हणून पाचवारी नेसायचीच असेल तर मागून घोट्याच्या वर राहील अशी नेसा, नाहीतर सरळ पंजाबी ड्रेस घाला, किंवा नऊवारी येत असेल तर सगळ्यात भारी, पाय मोकळे. सिनेमा थांबवून जिंजरचा घेर बघा, मागून जमिनीला टेकत नाही आणि पाऊल टाकायला पुरेसा मोकळा आहे. तेव्हाच्या फॅशनमध्ये स्कर्ट इतके अरुंद असायचे की बाईला धड चालता यायचं नाही, आणि आयरीनने स्वतःला नाचता यावं म्हणून ते बदलले. फॅशन म्हणून ज्याचं कौतुक होतं ते मुळात पायांसाठी केलेलं होतं.

पकड साधी. पुरुषाचा उजवा हात बाईच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाच्या जरा खाली, कमरेवर नाही. त्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात, छातीच्या उंचीला, ताणून बाहेर फेकलेला नको. तिचा डावा हात त्याच्या दंडावर किंवा खांद्यावर. मध्ये अंतर ठेवा, चिकटून नाचायचं नाही. कॅसल हाऊसचे नियमच छापलेले होते, खांदे हलवू नका, कंबर लचकवू नका, कोपर उडवू नका, हात पंपासारखे वरखाली करू नका, उड्या मारू नका, तरंगत जा. वाचायला कडक वाटतं, पण त्यामागे धोरण होतं. तेव्हा टर्की ट्रॉट, ग्रिझली बेअर असे जनावरांच्या नावाचे नाच आले होते आणि त्यांच्यावर सभ्य समाजात आरडाओरडा चालू होता, या जोडप्याने तोच ताल ठेवून नाच असा नेटका केला की आईवडील मुलांना शिकायला पाठवायला लागले.

आता चाल. संगीत दोनच्या मोजणीचं आहे, एक-दोन, एक-दोन, आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, बस्स. पुरुष डाव्या पायाने पुढे, बाई उजव्या पायाने मागे. आधी संगीत न लावता साधं चाला, जोडीने, पकड घेऊन, आठ पावलं. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण जोडीने एका लयीत साधं चालणं हेच अर्धं काम आहे. पुरुषांनी पावलं लांब टाका पण बाईच्या पायाच्या लांबीचा अंदाज घेऊन. आणि बायांनो, पाय मागे नेताना कमरेपासून न्या, नुसत्या गुडघ्यातून नेलात तर त्याचा गुडघा तुमच्या गुडघ्यावर आपटणार.

हे जमलं की मग खरी कॅसल गोष्ट. प्रत्येक पावलाला चवड्यावर किंचित वर उठायचं, पाय थोडे ताठ ठेवायचे, टाच जमिनीला टेकवायची नाही. एरवी बॉलरूममध्ये माणूस गुडघे सैल करून खाली दबत जातो, इथे उलटं, ठोका खाली पडतो आणि आपण वर. म्हणून चाल थोडी ऐटबाज, थोडी वेडी दिसते, आणि दिसलीच पाहिजे, तीच गंमत आहे. कॅफे द पारीच्या सीनमध्ये दोघांचे बूट बघा, मग नजर वर नेऊन त्यांचे खांदे बघा, ते शांत असतात. आपलं सगळ्यांचं सुरुवातीला खांद्यासकट सगळं उडतं आणि मग ते तुरुतुरु चालल्यासारखं दिसतं. यावर उपाय म्हणजे पोटाचे स्नायू जरा आवळून धरा आणि उठणं अगदी थोडं ठेवा, बोटभर.

कोपरा आला की थांबायचं नाही, काटकोनात वळायचं तर अजिबात नाही. सायकल वळणावर जशी आतल्या बाजूला झुकते तसे दोघांनी मिळून एकाच बाजूला किंचित झुकून मोठ्या गोलाईत वळायचं. दोघांनी मिळून हे महत्त्वाचं, एक झुकला आणि एक ताठ राहिला की पकड सुटते. खोलीला एक फेरी झाली की मधोमध येऊन मोठं वर्तुळ घ्या, मग त्याच्या आत लहान, मग आणखी लहान, पावलं पण आखूड होत जातात, आणि अगदी मध्ये आलात की गिरकी घेऊन परत सरळ रेषेत सुटायचं. चक्कर येणाऱ्यांनी वर्तुळ फार आवळू नका. पन्नाशीच्या पुढच्यांनी, गुडघे किंवा पोटऱ्या दुखणाऱ्यांनी, चवड्यावर न उठता नुसतं सपाट पावलाने करा, त्याला वन-स्टेप म्हणतात आणि तोसुद्धा कॅसल जोडपं नाचायचं, काही कमीपणा नाही त्यात.

संगीत लावताना आधी प्लेबॅक स्पीड पाऊण करा, जेम्स रीझ युरोपचा बँड कोणासाठी थांबत नाही. सलग तीन मिनिटं न अडखळता झालं की मग पूर्ण वेगाने. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दुखणारच, सुरुवातीला दिवसाला दहा-पंधरा मिनिटांच्या वर करू नका.

गोव्यातल्या किंवा वसई-वांद्र्याच्या ख्रिश्चन लग्नाला गेला असाल तर यातलं बरंच ओळखीचं वाटेल, तिथे अजूनही लाइव्ह बँड वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट वाजवतो आणि सत्तरीची जोडपी फ्लोअरवर निवांत फिरत असतात. त्यांच्याकडून शिकायची संधी मिळाली तर सोडू नका. कॅसल वॉक त्यांना माहीत असेलच असं नाही, पण गर्दीत धक्का न लागू देता जोडीदाराला कसं न्यायचं हे त्यांना जेवढं येतं तेवढं कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

कॅसल वॉक अंगात बसला की सिनेमातला शेवटचा वॉल्ट्झ बघा, व्हर्नन युद्धातून सुट्टीवर आलाय, दोघं पॅरिसला त्याच जागी भेटतात. तो शिकण्यासाठी अवघड नाही, फक्त मोजणी दोनाची तीन होते, पण या वेळी पाय बघू नका, पाठीवरचा हात बघा. आधीच्या नाचांमध्ये तो हात बाईला दिशा दाखवतो, इथे तो नुसता धरून ठेवतो. आता तुम्ही स्वतः तो हात ठेवून किंवा पाठीवर घेऊन नाचला आहात, त्यामुळे हा फरक तुम्हाला एका नजरेत कळेल, पहिल्या वेळी बघताना तो कोणालाच कळत नाही.

पुढे काय बघायचं असं विचाराल तर १९४९ चा 'द बार्क्लीज ऑफ ब्रॉडवे' बघा, दहा वर्षांनी फ्रेड आणि जिंजर परत एकत्र, रंगीत, यातही नाचणारं नवरा-बायकोचं जोडपं आहे, फक्त काल्पनिक आणि भांडकुदळ. आणि खऱ्या कॅसल जोडप्याला चालताना बघायचं असेल तर त्यांनी स्वतः काम केलेला १९१५ चा मूकपट आहे, 'द व्हर्ल ऑफ लाइफ'. त्याचे नाचाचे तुकडे सापडले तर आवाज बंद असतो म्हणून कंटाळू नका, बाजूला युरोपचं रेकॉर्डिंग लावा आणि मग व्हर्ननच्या टाचा बघा.